मेश्राम सरांची लंगडी

मेश्राम सरांविषयी चार चांगले शब्द लिहा असं मला कुणी सांगितलं, तर मी आधी चार वाईट लिहीन आणि मगच पुढे जाईन. या माणसानं मला बारा वर्षं छळलं. एकदाही न रागावता, 'साहेब साहेब' म्हणत छळलं, त्यामुळे भांडायचीही सोय ठेवली नाही.

मी अर्थशास्त्र शिकवायचो. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की पुलगावच्या आमच्या कॉलेजात क्रीडा समितीचं प्रमुखपद घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि त्या बैठकीला मी उशिरा पोचलो. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा टाळ्या वाजत होत्या. त्या माझ्यासाठी होत्या हे खुर्चीवर बसल्यावर कळलं. पुलगावात फुटबॉलचं वेड जुनं. दारूगोळ्याच्या डेपोतले लोक खेळायचे, कापडगिरणीतले खेळायचे, रेल्वेतले खेळायचे. कॉलेजचा संघ हरला तर दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा मला जाब विचारायची, आणि मला तर ऑफसाइड म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मेश्राम सर आले. मूळचे नाचणगावचे. लष्कराच्या इस्पितळात फिजिओथेरपीच्या विभागात पंधरा-सोळा वर्षं काढून पेन्शन घेऊन घरी परतले होते. त्या आधी स्वतः पलटणीच्या संघातून खेळलेले. प्राचार्यांनी त्यांना घेतलं ते पोरांना पळवायला. पळवणारा माणूस म्हणजे शिट्टी, टोपी आणि शिव्या अशी आमची कल्पना. पाय मुरगळला तर तो पाय डॉक्टरकडे न्यायचा किंवा हाड बसवणाऱ्याकडे, त्याच्याशी पळवणाऱ्याचा संबंध नाही. मेश्राम सरांना ही वाटणीच मान्य नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "पळवणारा एक अन् पाय पाह्यणारा दुसरा, असं नाई चालत, प्रोफेसर साहेब. जो पळवते त्यालेच मालूम असते, का पाय कुठं दुखन." मला ते पटलं. पुढे त्यापायी माझे काय हाल होणार आहेत याची तेव्हा कल्पना नव्हती.

अंगानं काटकुळे, हाताचे पंजे मात्र शरीराला न शोभणारे मोठे. इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवीत कात्री, चिकटपट्ट्या आणि पुन्हा पुन्हा धुतलेली क्रेप बँडेजं. ही बँडेजं ते गोलच्या जाळीवर वाळत घालायचे. एकदा विद्यापीठाचे एक बडे अधिकारी मैदान पाहायला आले, तर दोन्ही बाजूंच्या गोलवर हे लांबलचक पांढरे पट्टे फडफडतायत. साहेबांनी विचारलं, इथे कुणाचं बाळंतपण झालं का? मी हसून वेळ मारून नेली. सरांनी मात्र गंभीरपणे साहेबांना सांगितलं की तुमची डावी टाच घासून राह्यली, जोडा पाहा.

ही त्यांची खोड. माणूस समोर आला की चेहरा नंतर, आधी चाल. लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, पण 'तो उजव्या खुब्यावर झुकते तो' म्हटलं की आमच्या ग्रंथपालांचा हुबेहूब फोटो उभा राहायचा. आमच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. सप्तपदी चालू होती. सर माझ्या शेजारी बसले होते आणि सात पावलं एकाग्रपणे पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, नवरदेवाचा उजवा खुबा आखडला आहे. हळू बोलायची सवय मैदानावर मोडलेली. पुढच्या रांगेत मुलीचे काका बसले होते. पाऊण तास मांडवात गोंधळ, मुलात दोष लपवला म्हणून. शेवटी नवरदेवानं सांगितलं की परवा बैलगाडीतून उडी मारताना लचक भरली. तोवर वरण गार झालं होतं. सर तिथेच नवरदेवाला मांडवाच्या खांबाला धरून पाय कसा ताणायचा ते शिकवत होते.

पोरांची तऱ्हा अशी, की ती फुटबॉल खेळायला यायची आणि सर त्यांना फुटबॉल दाखवायचेच नाहीत. सकाळचा पहिला अर्धा तास एका पायावर विटेवर उभं राहायचं. मग सायकलची फाटकी ट्यूब घोट्यात अडकवून पाय चारी दिशांना ओढायचा. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दहा अंक मोजेपर्यंत दाबायची. "मांडी कसली तर टोंगळा वाचते," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर मागणीचा वक्र काढतानासुद्धा तोंडात यायचं. टोंगळा म्हणजे गुडघा. पहिल्याच महिन्यात पोरांचं शिष्टमंडळ माझ्याकडे आलं. आम्ही खेळाडू आहोत का बगळे, असा त्यांचा सवाल होता. मी सरांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाही विटेवर उभं केलं. मी चार सेकंदांत पडलो. तेवढ्यावर चर्चा संपली असं त्यांनी धरलं.

सुजेवर ते बर्फ लावायचे. आमच्याकडे सूज म्हणजे हळद-तेल, तेही कढत. डिसेंबरच्या थंडीत पोराच्या घोट्यावर बर्फाची पिशवी बांधून सर त्याला घरी सोडायचे आणि त्याची आई तरातरा माझ्या घरी यायची, पोट्ट्याला निमोनिया झाला तर कोण पाह्यन म्हणून. माझ्या बायकोनं या आयांसाठी चहाचं वेगळं पातेलं ठेवलं होतं.

पण खरा कहर त्यांनी हिंगणघाटच्या सामन्यात केला. बरोबरी चालली होती, शेवटची दहा मिनिटं. त्यांचा फॉरवर्ड, ज्यानं आमच्या बचावाचा जीव खाल्ला होता, तो पोटरी धरून खाली पडला. आमच्या बाजूला आनंदीआनंद. तेवढ्यात आमचे मेश्राम सर पिशवी घेऊन मैदानात धावले. त्या पोराची टाच हातात धरली, पंजा वर रेटला, पोटरी ताणली, पट्टी बांधली, पाठीवर थाप मारली. पोरगा उठला आणि चौथ्या मिनिटाला त्यानं आमच्यावर गोल केला. परतीच्या एस.टी.त मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पट्टी शेवटपर्यंत जागची हलली नाही याचाच त्यांना आनंद झाला होता. मग राहवेना म्हणून मी विचारलंच, की सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, पोटरीत गोळा आला होता, दुसरं काही नव्हतं, आणि गोल आपल्या पोट्ट्यानं सोडला, त्याले मी काय करू.

असा हा माणूस. त्यांच्या सगळ्या नियमांत एक नियम दगडावरची रेघ होता, तो म्हणजे लंगडी. ज्याचा पाय दुखावला, त्यानं परत खेळायचं असेल तर दुखऱ्या पायावर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत लंगडी घालत जायचं आणि न टेकता परत यायचं. सर मैदानाच्या मध्यभागी पाठ करून बसायचे, डोळे मिटून. पाहायचे नाहीत, ऐकायचे. आधी चांगल्या पायाची लंगडी ऐकायची, मग दुखऱ्या पायाची. दोन्ही सारख्या ऐकू आल्या तर 'जा' म्हणायचे. दुखतंय का असं कधीच विचारायचे नाहीत. पोट्टं नाहीच म्हणणार, विचारून काय फायदा, असं त्यांचं म्हणणं.

आता शेषरावचं सांगतो. खरं तर मला त्याचंच सांगायचं आहे, मघापासून मी बांधावरून चालतोय.

शेषराव आमचा सेंटर फॉरवर्ड. बाप गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर डबा घेऊन घरी. घरात पाच खाणारी तोंडं. शेषराव अनवाणी खेळत कॉलेजात आला, सरांनी त्याला बूट घालून पळायला शिकवलं, विटेवर सगळ्यांत जास्त वेळ तोच उभा राहायचा. सरांचा त्याच्यावर जीव होता. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच विद्यापीठाच्या फायनलला पोचलो. नागपूरला सामना, आणि रेल्वेच्या संघासाठी पोरं निवडणारे एक गृहस्थ तो पाहायला येणार होते. त्यांनी शेषरावला आधी एकदा पाहिलं होतं. फायनलमध्ये पुन्हा पाहतो, मग नोकरीचं बोलू, असा त्यांचा निरोप माझ्याकडेच आला होता. मी तो शेषरावच्या बापाला सांगितला, तेव्हा तो माणूस नुसता डब्याचं झाकण उघडत-लावत बसला.

आणि सेमीफायनलमध्ये शेषरावचा गुडघा पिरगळला.

डॉक्टरांनी प्लास्टर नको म्हणून सांगितलं, आतलं लिगामेंट ताणलं आहे, तुटलेलं नाही. सरांनी गुडघा मांडीवर घेतला, बराच वेळ चाचपला आणि म्हणाले, अठ्ठावीस दिवस. फायनल तिसाव्या दिवशी होती. रोज सकाळ-संध्याकाळ सर त्याच्या घरी जायचे. बर्फ, टॉवेल, ट्यूब. मग धरून उभं राहणं, मग एकेक पायरी. मी रोज विचारायचो आणि रोज एकच उत्तर मिळायचं, चाललं आहे. दहाव्या दिवशीही पोरगा काठी धरून चालताना पाहिला आणि माझा धीर सुटला.

आर्वी रस्त्यावरच्या एका खेड्यात हाड बसवणारा एक म्हातारा होता. चार जणांनी मला त्याचं नाव सांगितलं होतं. त्यातल्या एकाचा मोडका हात तीन दिवसांत बरा झाला होता म्हणे. मी शेषरावला घेऊन गेलो. एस.टी.नं, दुपारच्या वेळी, सर बाजाराच्या कामाला वर्ध्याला गेलेले पाहून. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, एम.ए. प्रथम श्रेणी. म्हाताऱ्यानं कढत तेल चोळलं, गुडघा धरून एक हिसका दिला. शेषरावनं माझं मनगट असं धरलं की वळ दोन दिवस राहिले. परत येताना मी त्याला बजावलं की सरांना बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी गुडघा दुप्पट सुजला. सर आले, त्यांनी पाहिलं, एक शब्द बोलले नाहीत आणि पुन्हा बर्फापासून सुरुवात केली. त्यांना काही कळलं नाही असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला. याची मला आज लाज वाटते.

फायनलच्या आदल्या दिवशी लंगडीची परीक्षा ठरली. सकाळची वेळ, अख्खा संघ कडेला उभा, शेषरावचा बाप डबा घेऊन. सर मध्यभागी पाठ करून बसले. शेषरावनं चांगल्या पायावर एक फेरी घातली. मग दुखऱ्या पायावर निघाला. पलीकडच्या गोलला पोचला, वळला, आणि दात-ओठ खात, पण एकदाही पाय न टेकता परत आला. पोरांनी त्याला उचलून घेतलं. मी घड्याळात पाहिलं, कारण मला वेळेत संघाची यादी पाठवायची होती.

सर उठले आणि म्हणाले, "नाई."

मला वाटलं माझा कान वाजला. नियम त्यांचा, परीक्षा त्यांची, पोरगा पास झालेला. मी म्हटलं, सर, तो टेकला नाही. ते म्हणाले, "नाई टेकला. पण येतानी पाय पडून राह्यला होता, उतरून नाई राह्यला." मी त्यांना विचारलं, पडणं आणि उतरणं यात फरक काय? ते म्हणाले, ऐकू येते. कुणाला? आम्हा तीस माणसांपैकी कुणालाही काहीही वेगळं ऐकू आलेलं नव्हतं. शेषरावचा बाप पुढे आला आणि त्यानं सरांचे पाय धरले. सरांनी त्याला उठवलं, हात जोडले आणि क्रीडा विभागाच्या खोलीकडे चालू लागले.

मी त्यांच्या मागे गेलो आणि दार लावून आयुष्यात कुणावर बोललो नसेन इतकं त्यांच्यावर बोललो. हट्टी म्हटलं, स्वतःलाच डॉक्टर समजणारा म्हटलं, एका गरिबाच्या पोराची नोकरी तुमच्या कानाच्या भरवशावर घालवताय म्हटलं. ते उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिहून द्या, साहेब. टोंगळा गेला तर जबाबदारी माही, असं लिहा अन् सही करा. मी त्याले खेळवतो."

मी पेन काढलं. टोपण उघडलं. तो कागद अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे, एका कोपऱ्यात आयोडीनचा डाग पडलेला. मला तो हिसका आठवला, मनगटावरचे वळ आठवले. मी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. सरांनी कागद परत घेतला, त्याची घडी घालून पिशवीत टाकला आणि यादीत शेषरावच्या जागी दुसरं नाव लिहिलं. बाहेर उभ्या असलेल्यांना एवढंच कळलं की प्रोफेसर साहेब खूप भांडले, पण मेश्राम सर ऐकले नाहीत. तो समज मोडायला मी काहीही केलं नाही.

फायनल आम्ही एका गोलनं हरलो. रेल्वेच्या गृहस्थांनी आमचा लेफ्ट आउटला खेळणारा पोरगा निवडला. शेषराव त्या दिवसानंतर मेश्राम सरांशी बोलला नाही. कॉलेज सोडून बापाच्या जागी गिरणीच्या फाटकाशी उभा राहू लागला. पुढे त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सर रस्त्यानं येताना दिसले की तो चाक खोलून त्यात मान घालायचा. गुडघा त्याचा ठणठणीत राहिला. तिशी उलटली तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात तो दोन्ही पायांनी गोल मारायचा, आणि त्याला तसं पाहिलं की लोक म्हणायचे, या पोराला त्या मास्तरानं घरी बसवलं. जो गुडघा मोडलाच नाही, तो मोडला असता याचा पुरावा आणायचा कुठून? मलाही तो मिळाला नाही, म्हणून मी सरांवरचा राग सोडला नाही. खरं म्हणजे तो राग धरून ठेवणं मला सोयीचं होतं.

नोकरी संपल्यावर सर भंडाऱ्याला मुलीकडे राहायला निघाले. पुलगावच्या स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि ती पिशवी. गाडी लागायला वेळ होता. मी तेव्हा विचारलं, की त्या दिवशी, शेषरावच्या वेळी, तुम्हाला नक्की खात्री होती का?

"नव्हती," ते म्हणाले. "खेळला असता तर कदाचित काईच झालं नसतं. अर्धंअर्धं होतं. अजून आठ दिवस भेटले असते तर मीच त्याले पुढं घातलं असतं. तेच आठ दिवस गेले." मग म्हणाले, "तेल चोळून आलता तो. वास येत होता. कोण्या मामा-काकानं नेलं असन."

मी विचारलं, मग त्याला बोलला का नाहीत? त्याच्या बापाला, लोकांना, कुणालाच का सांगितलं नाहीत?

"सांगून काय होते, साहेब? आपल्याच पायानं गेलो अन् आपलीच नोकरी घालवली, असं धरून जिंदगीभर बसला असता. माह्यावर राग धरते, ते बरं हाय. राग धरला तर माणूस चालते तरी."

भंडाऱ्याची गाडी लागली. मी ट्रंक चढवली. सर पायरीवर एक पाय ठेवून वर जायला निघाले आणि मी मागून म्हणालो, सर, त्याला मी नेलं होतं.

ते वळले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुमी?"

कंडक्टरनं दोरी ओढली. मागचे लोक रेटत होते, सर आत ढकलले गेले, आणि खिडकीशी आले तेव्हा त्यांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलेलं होतं. बारा वर्षं मी त्या माणसावर वैतागलो. त्या दिवशी पाळी त्यांची होती, आणि गाडी सुटली.